फुप्फुसात किती हवा मावते? श्वासाची मापं आणि माझी एक चूक



काही वर्षांपूर्वी आठवीला श्वसनाचा धडा शिकवताना मी एक प्रयोग घेतला होता. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन टबात उलटा धरायचा, नळीतून त्यात फुंकायचं आणि कॅनमधलं किती पाणी खाली उतरलं ते मोजायचं. मुलं खूश झाली, मीही खूश झाले. त्या खुशीत मी फळ्यावर सगळ्यांची नावं आणि आकडे लिहिले, शेजारी नंबरही घातले. 'वर्गातलं सर्वांत मोठं फुप्फुस' म्हणून एका उंच मुलासाठी टाळ्या वाजवल्या. सर्वांत कमी आकडा आलेली मुलगी वर्गात सर्वांत ठेंगणी होती. ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

पुढे पंधरा दिवसांनी कबड्डीच्या सरावात तोच उंच मुलगा माझ्याकडे आला. "बाई, दम लागतोय. छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतंय." मी हसून म्हटलं, "अरे, वर्गात सगळ्यात मोठं फुप्फुस तुझं आणि तुलाच दम लागतो? कारणं सांगू नकोस, जा." तो गेला.

त्या आठवड्यात तो शाळेत आला नाही. मग त्याची आई आली. रात्री पोराला झोपताच येईना, बसवूनच ठेवावं लागलं, शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. दमा निघाला. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. "बाई, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं म्हणे," एवढंच म्हणाल्या.

फुप्फुसात किती हवा मावते हे मी वर्गाला मोजून दाखवलं होतं. पण त्या मापाचा अर्थ काय आणि मुख्य म्हणजे त्यातून काय कळत नाही, हे मलाच नीट माहीत नव्हतं. नंतर मी तो विषय मुळापासून वाचून काढला. आता हा धडा ज्या पद्धतीने शिकवते ती पद्धत इथे मांडते आहे. कदाचित तुम्हालाही उपयोगी पडेल.

सुरुवात तोटीच्या माठापासून

मुलांना मी पहिला प्रश्न विचारते, "जोर लावून सगळी हवा बाहेर सोडली तर फुप्फुस रिकामं होतं का?" जवळजवळ सगळा वर्ग "हो" म्हणतो. मग मी घरातल्या तोटीच्या माठाची आठवण करून देते.

समजा, माठ निम्म्याहून थोडा कमी भरलेला आहे. आपण वरून पेलाभर पाणी ओततो आणि तोटीतून पेलाभर काढून घेतो. पुन्हा ओततो, पुन्हा काढतो. पाण्याची पातळी थोडी वर जाते, थोडी खाली येते. हा झाला आपला साधा, बसल्या जागचा श्वास. पाहुणे येणार असले की आपण माठ काठोकाठ भरतो. हा दीर्घ श्वास. पाणी जास्त लागलं तर नेहमीच्या पातळीच्याही खाली काढत जातो. हा जोर लावून सोडलेला उच्छ्वास. पण तोटी माठाच्या तळाशी नसते, जरा वर असते. तोटीच्या खालचं पाणी कितीही वेळ वाट पाहिली तरी बाहेर येत नाही.

फुप्फुसातही अशी 'तोटीखालची' हवा असते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात ती लिटरभराहून जास्त असते. जिवंतपणी फुप्फुस कधीच रिकामं होत नाही.

एक फरक मात्र सांगायला विसरू नका. माठ कडक असतो, फुप्फुस लवचीक. फुप्फुसाला स्वतःचे ओढणारे स्नायू नाहीत. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर आणि बाहेर जातात, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब कमी होतो आणि हवा आत येते. साधा श्वास सोडताना तर काही करावंच लागत नाही. स्नायू सैल पडतात आणि ताणलेलं फुप्फुस आपोआप आकसतं.

चार मूळ मापं

आता फळ्यावर एक उभा डबा काढा आणि त्याचे चार भाग करा. खाली दिलेले आकडे मोठ्या निरोगी पुरुषाचे सरासरी आहेत. स्त्रियांमध्ये ते साधारण पाव हिश्शाने कमी असतात. पुस्तकापुस्तकांत आकडे थोडे वेगळे दिसतील, त्याने गोंधळून जाऊ नका.

1. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे साध्या श्वासाबरोबर आत-बाहेर होणारी हवा : 500 मिलि. 'टाइड' म्हणजे भरती-ओहोटी. समुद्राचं पाणी जसं किनाऱ्यावर येतं आणि जातं, तशी ही हवा येते आणि जाते.

2. इन्स्पिरेटरी रिझर्व्ह व्हॉल्यूम, म्हणजे साधा श्वास घेऊन झाल्यावरही आणखी जोर लावून आत ओढता येणारी हवा : 3000 मिलि.

3. एक्स्पिरेटरी रिझर्व्ह व्हॉल्यूम, म्हणजे साधा श्वास सोडून झाल्यावर पोट आत घेऊन, जोर लावून आणखी बाहेर काढता येणारी हवा : 1100 मिलि.

4. रेसिड्युअल व्हॉल्यूम, म्हणजे शेष हवा. सगळा जोर लावूनही आत उरणारी : 1200 मिलि.

मुलांना नावं पाठ करायला लावण्याआधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ही मापं अनुभवायला सांगा. साधा श्वास सोडा. थांबा. आता आणखी सोडा. सुटतो ना? ती तिसऱ्या नंबरची हवा. आता आणखी सोडा. सुटत नाही? त्याच्या खाली चौथी.

बेरजा केल्या की 'क्षमता'

व्हॉल्यूम आणि कपॅसिटी या शब्दांत मुलं नेहमी घोळ करतात. सोपं आहे. व्हॉल्यूम म्हणजे एक कप्पा. दोन किंवा जास्त कप्प्यांची बेरीज केली की ती कपॅसिटी, म्हणजे क्षमता. क्षमताही चारच आहेत.

इन्स्पिरेटरी कपॅसिटी : साधा श्वास सोडलेल्या स्थितीपासून जास्तीत जास्त किती आत घेता येईल. 500 + 3000 = 3500 मिलि.

फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी : साधा श्वास सोडल्यावर आत किती उरलं. 1100 + 1200 = 2300 मिलि.

व्हायटल कपॅसिटी : पूर्ण भरून घेऊन पूर्ण सोडली तर किती निघाली. 3000 + 500 + 1100 = 4600 मिलि.

टोटल लंग कपॅसिटी : एकूण किती मावलं. 4600 + 1200 = 5800 मिलि.

गणिताच्या शिक्षकांना सांगून ठेवते, यावर समीकरणांची छान उदाहरणं होतात. चार कप्पे देऊन बेरीज विचारण्यापेक्षा उलटं विचारा. एकूण क्षमता 5800 आहे, व्हायटल 4600 आहे, तर शेष हवा किती?

आपल्या कबड्डीत चढाई करणारा खेळाडू 'कबड्डी, कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात शिरतो आणि एका दमात परत येतो. तो नेमकं काय करतो? आधी छाती भरून घेतो आणि मग व्हायटल कपॅसिटीतली हवा थोडी थोडी खर्च करत राहतो. 'दम टिकवणं' म्हणजे ती हवा काटकसरीने वापरणं. हे उदाहरण दिलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे झुकून ऐकतात.

उरलेली हवा कशासाठी?

"बाई, जी हवा बाहेरच येत नाही तिचा उपयोग काय?" हा प्रश्न एका मुलाने विचारला होता. फार चांगला प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर नवा फुगा फुगवताना मिळतं. कोऱ्या फुग्यात पहिली फुंकर मारताना गाल दुखतात. एकदा थोडा फुगला की पुढे सोपं जातं. फुप्फुसातले वायुकोश आतून ओलसर असतात. ते पूर्ण मिटले तर त्यांच्या भिंती एकमेकींना चिकटतील आणि प्रत्येक श्वासाला पहिल्या फुंकरीइतका जोर लावावा लागेल. शेष हवा वायुकोशांना मिटू देत नाही. शिवाय वायुकोशांच्या आतल्या पातळ द्रवात सरफॅक्टंट नावाचा पदार्थ असतो, तोही पृष्ठताण कमी करून त्यांना उघडं राहायला मदत करतो. फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये हा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना श्वास घेणं जड जातं.

दुसरं उत्तर थोडं हिशेबाचं आहे. आपण श्वास घेत राहतो, मध्ये सोडतो, बोलतो, घास गिळताना क्षणभर थांबतोही. पण रक्त मात्र फुप्फुसातून सतत वाहत असतं. श्वास सोडल्यावर फुप्फुस रिकामं झालं असतं तर तेवढा वेळ रक्ताला ऑक्सिजन मिळालाच नसता. प्रत्यक्षात आत 2300 मिलि हवा शिल्लक असते आणि दर श्वासाला त्यात फक्त सुमारे 350 मिलि ताजी हवा मिसळते, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. (500 मिलि घेतले तर 350 कसे, ते पुढे सांगते.) त्यामुळे ऑक्सिजनचं प्रमाण एकदम चढत नाही, एकदम उतरतही नाही. घरात धान्य शिल्लक असलं की एखाद्या दिवशी बाजारात जाणं झालं नाही तरी चूल पेटतेच, तसं.

बाहेर न येणारी हवा मोजली कशी?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच, आणि नाही विचारला तर आपण विचारावा. फुंकून मोजता येत नाही, मग 1200 हा आकडा आला कुठून?

एका बादलीत किती पाणी आहे ते माहीत नाही. ते ओतून मोजायचीही परवानगी नाही. मग काय कराल? ठराविक शाई त्यात टाका, ढवळा आणि रंग किती फिका झाला ते बघा. जितका फिका, तितकं पाणी जास्त. फुप्फुसाच्या बाबतीत शाईच्या जागी असा वायू वापरतात जो रक्तात जवळजवळ विरघळत नाही. खाणीतल्या दिव्यामुळे आपल्याला माहीत असलेले हम्फ्री डेव्ही यांनी हायड्रोजन वापरून स्वतःच्या फुप्फुसातली शेष हवा मोजली आणि 1800 साली ते प्रसिद्ध केलं. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून आता हेलियम वापरतात.

सोपं उदाहरण बघा. यंत्रात 3 लिटर हवा आहे आणि तिच्यात 10 टक्के हेलियम आहे. म्हणजे हेलियम 0.3 लिटर. माणसाने साधा श्वास सोडला आणि त्या क्षणी त्याला यंत्राला जोडलं. काही वेळ आत-बाहेर श्वास घेतल्यावर सगळीकडे हेलियम सारखं मिसळलं आणि प्रमाण 6 टक्के झालं. आता 0.3 लिटर हे एकूण हवेच्या 6 टक्के, म्हणजे एकूण हवा 5 लिटर. त्यातले 3 लिटर यंत्राचे. उरलेले 2 लिटर फुप्फुसातले, म्हणजेच फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी. यातून जोर लावून सोडता येणारी हवा, समजा 0.9 लिटर, वजा केली की शेष हवा 1.1 लिटर.

शेकडेवारीचं गणित सातवी-आठवीत झालेलंच असतं. ते असं माणसाच्या छातीत डोकावायला उपयोगी पडतं हे पाहून मुलांना मोठी गंमत वाटते.

भराभर श्वास घेतला तर जास्त हवा मिळते का?

आता 350 चा हिशेब. आपण 500 मिलि हवा घेतो, पण त्यातली सुमारे 150 मिलि नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांतच राहते. तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. तिला डेड स्पेस म्हणतात. वायुकोशांपर्यंत ताजी पोहोचते ती उरलेली 350 मिलि.

आता तीन माणसं घ्या. तिघंही मिनिटाला 6000 मिलि हवाच घेतात.

पहिला शांत बसलाय. मिनिटाला 12 श्वास, प्रत्येकी 500 मिलि. वायुकोशांत पोहोचले (500 − 150) × 12 = 4200 मिलि.

दुसरा घाबरून उथळ श्वास घेतोय. मिनिटाला 24 श्वास, प्रत्येकी 250 मिलि. पोहोचले (250 − 150) × 24 = 2400 मिलि.

तिसरा सावकाश आणि खोल श्वास घेतोय. मिनिटाला 6 श्वास, प्रत्येकी 1000 मिलि. पोहोचले (1000 − 150) × 6 = 5100 मिलि.

हवा तेवढीच, पण पदरात पडणारी वेगळी. पळून आलेल्या मुलाला "हळू, खोल श्वास घे" असं आपण का म्हणतो, ते या तीन ओळींत आहे. पण इथेच एक सावधगिरी. मुद्दाम भराभर खोल श्वास घेऊन मग दम धरण्याची शर्यत मुलं लावतात, विहिरीत बुडी मारण्याआधी तर हमखास. तसं केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि 'आता श्वास घे' ही सूचना मेंदूला मुख्यतः त्याच्यामुळेच मिळते. ऑक्सिजन मात्र फारसा वाढलेला नसतो. सूचना उशिरा मिळते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

वर्गातला प्रयोग, पण नंबर न घालता

साहित्य : पाच लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन, मोठा टब, गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली मीटरभर स्वच्छ पारदर्शक नळी, प्रत्येक मुलासाठी वेगळा नवा तुकडा तोंडात धरायला, आणि कागदी चिकटपट्टी.

कॅनवर उभी चिकटपट्टी लावा. मापाने 200 मिलि पाणी ओतत जा आणि दरवेळी खूण करा. कॅन काठोकाठ भरा, तोंड हाताने झाकून पाणी असलेल्या टबात उलटा करा. एका मुलाने तो धरून ठेवावा. नळीचं एक टोक कॅनच्या तोंडात सारा. आता मुलाने छाती भरून श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरायचं आणि नळीतून सावकाश, संपेपर्यंत सोडायचा. कॅनमध्ये वर जमलेली हवा म्हणजे त्याची व्हायटल कपॅसिटी. आठवीतल्या मुलांची मापं बहुधा दोन ते तीन लिटरच्या आसपास येतात. बाहेर आलेली हवा थंड होऊन किंचित आकसते, शिवाय पाण्याच्या दाबाविरुद्ध फुंकावं लागतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच असतो.

सर्दी-खोकला असलेल्या किंवा दम्याचा त्रास असलेल्या मुलाला आग्रह करू नका. एका मुलाला दोन-तीनदाच फुंकू द्या, मध्ये विश्रांती द्या, नाहीतर चक्कर येते.

आणि फळ्यावर नंबर घालू नका. आता मी मुलांना त्यांचा आकडा त्यांच्याच वहीत लिहायला सांगते, शेजारी उंची लिहायला सांगते. मग नावं न घालता आलेखावर सगळ्यांचे ठिपके मांडतो. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत जातात. उंची वाढते तशी क्षमता वाढते.

ही गोष्ट जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी 1846 सालीच दाखवली होती. त्यांनी पाण्यावर चालणारा स्पायरोमीटर तयार केला, दोन हजारांहून अधिक माणसांची मापं घेतली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आग विझवणारे होते, कुस्तीगीर होते. 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव त्यांचंच. पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत दर इंचाला क्षमता सुमारे 8 घन इंच, म्हणजे 130 मिलिच्या आसपास वाढते असं त्यांना आढळलं.

माझ्या वर्गातल्या त्या ठेंगण्या मुलीचा आकडा तिच्या उंचीला अगदी साजेसा होता. मी मात्र तिला वर्गासमोर शेवटचा नंबर दिला होता. तिचं फुप्फुस कमकुवत नव्हतं, ते फक्त तिच्या मापाचं होतं. नंतर मी तिला हा आलेख दाखवला. तिने आपला ठिपका शोधला आणि म्हणाली, "बाई, मी रेषेवरच आहे की!"

माठ मोठा, पण तोटी बुजलेली

आता त्या मुलाबद्दल. त्याचा आकडा सर्वांत मोठा होता, मग त्याला दम का लागला?

कारण माठ किती मोठा आणि तोटीतून पाणी किती जोरात येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दम्यात हवेच्या बारीक नळ्या सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट स्राव साचतो. नळ्या अरुंद होतात. त्रास नसतो तेव्हा व्हायटल कपॅसिटी अगदी व्यवस्थित येऊ शकते. माझ्या प्रयोगात तर मुलांना सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन फुंकायचं होतं. अरुंद नळीतूनही वेळ दिला तर सगळी हवा येतेच.

म्हणून दवाखान्यातल्या स्पायरोमेट्रीत दोन गोष्टी बघतात : एकूण हवा किती आली आणि जोरात फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात किती आली. हे पहिल्या सेकंदाचं माप फ्रेंच संशोधक तिफेनो यांनी 1947 मध्ये पुढे आणलं. समजा, दोन मुलांची एकूण हवा 2 लिटरच आहे. पहिला पहिल्या सेकंदात 1.7 लिटर सोडतो, म्हणजे 85 टक्के. दुसरा 1.1 लिटर सोडतो, म्हणजे 55 टक्के. माझ्या कॅनवर दोघांचा नंबर सारखाच आला असता. निरोगी मुलांत हे प्रमाण साधारण 80 टक्क्यांच्या वर असतं. दुसऱ्या मुलाच्या नळ्यांत अडथळा आहे.

आणखी एक गोष्ट. दम्याचा झटका येतो तेव्हा श्वास घेण्यापेक्षा सोडणं जास्त जड जातं. आधीचा श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा घ्यावा लागतो. हवा आत अडकत जाते, शेष हवा वाढते. छाती फुगलेली, आणि तरी नवी हवा घ्यायला जागाच नाही. मुलगा म्हणतो, "श्वास मिळत नाही." बघणाऱ्याला वाटतं, छाती तर भरलेली दिसते, नाटक करतोय.

मलाही तसंच वाटलं होतं.

पालकांसाठी आणि आपल्यासाठी

खेळताना किंवा खेळून झाल्यावर वारंवार खोकला येणं, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येणं, थंडीत किंवा धुळीत छाती आवळल्यासारखी वाटणं, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. 'वाढत्या वयात जाईल' म्हणून थांबू नका. धाप इतकी लागली की मूल एक वाक्यही सलग बोलू शकत नाही, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

'पंपाची सवय लागते' ही भीती अजून घरोघरी आहे. पंपातलं औषध थेट नळ्यांपर्यंत जातं, म्हणून ते गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत पुरतं. डॉक्टरांनी दिला असेल तर तो लपवून ठेवायची गोष्ट नाही. शाळेत शिक्षकांना सांगून ठेवा, दप्तरात पंप असू द्या. आणि घरात विडी-सिगारेट, चुलीचा किंवा कॉइलचा धूर जितका कमी, तितकं बरं.

आपण शिक्षकांनी एवढंच करायचं : मूल म्हणालं की दम लागतोय, तर आधी त्याला बसवायचं, मग प्रश्न विचारायचे.

मुलांना विचारण्यासाठी काही प्रश्न

1. एका व्यक्तीची एकूण क्षमता 5000 मिलि आहे आणि शेष हवा 1100 मिलि आहे. व्हायटल कपॅसिटी किती?
2. शेष हवा फुंकून का मोजता येत नाही? शाईच्या उदाहरणाने सांगा.
3. मिनिटाला 20 श्वास, प्रत्येकी 300 मिलि, डेड स्पेस 150 मिलि. वायुकोशांत मिनिटाला किती ताजी हवा पोहोचेल?
4. दोन मुलांची व्हायटल कपॅसिटी सारखी आहे. तरी एकालाच धाप लागते. हे कसं शक्य आहे?

चौथा प्रश्न मी दरवर्षी विचारते. तो मुलगा पुढे दहावी होऊन गेला. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेत त्याने कबड्डी सोडली नाही. नववीत असताना त्यालाच मी आठवीच्या वर्गात बोलावलं होतं. 'कबड्डी, कबड्डी' म्हणत त्याने दम टिकवून दाखवला, मुलांनी घड्याळ लावलं. मग एकीने विचारलं, "दादा, तुझं फुप्फुस सगळ्यात मोठं आहे का?"

तो म्हणाला, "मोठं आहे गं, पण नळ्या माझ्या बारीक होतात कधीकधी. तेव्हा मी थांबतो आणि बाईंना सांगतो."